मेहुण्यांकडून घेतलेली गाडी खंबाटकी घाटात उकळली, आता काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

"वय ३३, साताऱ्याच्या एमआयडीसीत कंत्राटी नोकरी. बायकोला सातवा महिना चालू आहे आणि आमच्या गावापासून हॉस्पिटल २२ किलोमीटर, म्हणून महिन्यापूर्वी तिच्या पुण्याच्या चुलतभावाकडून २०१४ची पेट्रोल गाडी घेतली, ९१ हजार किलोमीटर झालेली, २ लाख ४० हजारांना. त्यातले दीड लाख पतसंस्थेचं कर्ज. गाडी देताना ते म्हणाले एक नंबर आहे, फक्त घाटात एसी बंद ठेवत जा. अठराव्या दिवशी पुण्याहून येताना खंबाटकीत लाल दिवा लागला. मागे ट्रकची रांग, थांबायला जागा दिसेना, तशीच वर चढवली, मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. टोचन लावून घरी आणली. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, ४५ हजार धरून चला, वरही जातील. मेहुण्यांना फोन केला तर म्हणाले मी दिली तेव्हा ठणठणीत होती, तुम्ही कशी चालवली मला काय माहीत. बायको म्हणते माहेरी विषय काढू नका. मोठा भाऊ म्हणतो पैसे परत माग नाहीतर केस टाक. मित्र म्हणतो रेडिएटरमध्ये लीक बंद करायचं औषध ओत आणि ऑनलाइन विकून मोकळा हो. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, कागद एजंटकडे दिलेत. रात्री झोप लागत नाही. मी फसलोय हे तर नक्की, पुढं काय करू ते सांगा."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर गॅस्केटवर नाही तर शेवटाकडच्या त्या ओळीवर अडकली, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय पण मला विचाराल तर पहिला हात तिथं घालायचा, कारण इंजिन आठ दिवस तसंच पडून राहिलं तर फारसं आणखी बिघडणार नाही, कागद मात्र बिघडू शकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. म्हणजे मेहुण्यांची मुदत उलटून गेलीय आणि तुमची संपत आलीय. एजंटकडे कागद दिले म्हणजे ते आरटीओत पोचले असं नसतं, कित्येकदा ते त्याच्या ड्रॉवरमध्येच पडलेले असतात, तेव्हा त्याच्याकडून अर्जाचा नंबर घ्या आणि परिवहनच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. हे नुसतं कागदोपत्री झेंगट म्हणून सांगत नाहीये. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक धरायचा, मधल्या काळात गाडी किती का हात फिरली असेना, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे उद्या तुमच्या हातून कुणाला धक्का लागला तर नोटीस तुमच्या मेहुण्यांना जाणार. हे त्यांना माहीत आहे का? मला वाटतं नसावं. इन्शुरन्सचंही तसंच, थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते, नाहीतर क्लेम आला की कंपनी हात वर करू शकते. आणि कुणी सांगत असेल की गॅस्केटचा खर्च इन्शुरन्समधून काढू, तर तो मिळत नाही, झीज आणि मेकॅनिकल बिघाड साध्या पॉलिसीत धरलेलेच नसतात.

आता तुम्ही म्हणाल की नाव माझ्यावर झालं की गाडी परत कशी देणार, म्हणून थांबलेलं बरं. मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी म्हणते आठ दिवसांची मुदत स्वतःला घालून घ्या, तेवढ्यात काय ते ठरवायचं, आणि तोवर गाडी रस्त्यावर अजिबात काढायची नाही, दूध आणायलासुद्धा नाही. व्यवहाराची तारीख, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं एका जागी जपून ठेवा.

आता इंजिनकडे येते. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, घरी कुणी गाडी गरम होते म्हणून सांगत आलं की ते म्हणायचे, तिला ताप आलाय एवढंच कळलं, ताप कशानं आलाय ते कुठं कळलंय अजून. तुमच्या पत्रात तुम्ही गॅस्केट गेलंय हे धरूनच चाललाय आणि त्याच्यावर बाकीचा सगळा हिशोब मांडलाय, ४५ हजार, फसवणूक, केस, विक्री. पण गॅरेजवाल्याने नेमकं काय बघून ते सांगितलं? वाफ बघून सांगितलं असेल तर ते निदान नाही, अंदाज आहे, आणि तो बरोबरही निघेल पण त्या अंदाजावर इंजिन खोलायला देऊ नका.

कारण घाटात गाडी उकळायला पाच-सहा कारणं असू शकतात आणि त्यातली बरीचशी स्वस्तातली असतात. चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, इंजिनावर ताण पूर्ण आणि समोरून वारा जवळजवळ नाही, मग रेडिएटर थंड ठेवायचं सगळं काम पंख्यावर येतं. त्या पंख्याची मोटर किंवा रिले गेला असेल तर गावात, सपाट रस्त्यावर महिनाभर काही कळणार नाही आणि पहिल्याच मोठ्या घाटात गाडी उकळेल. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, अर्धवट उघडत असेल, वॉटर पंप गळत असेल, बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं भरून रेडिएटर आतून चोंदला असेल, नाहीतर नुसतं झाकण गेलं असेल. झाकणाचं लोकांना खरं वाटत नाही पण ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, ते झाकण सैल पडलं की दाब टिकत नाही, पाणी उडून जातं आणि मग गाडी तापते. काही शे रुपयांची वस्तू.

गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की ते वाकतं, मग पॅकिंग धरत नाही आणि सिलिंडरमधला गॅस पाण्यात, पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये असं सुरू होतं. याच्या खुणा असतात. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना ऑइलची काडी ओढून बघा, ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसतंय का. ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका फेस दिसला तर लगेच घाबरू नका, जवळजवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही तो धरतो, काडीवरचं ऑइल जास्त खरं बोलतं. बाहेर कुठंच गळती नाही आणि तरी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं रंगीत पाणी, कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येतोय, गार इंजिन चालू केल्या केल्या दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतोय, कूलंटच्या बाटलीत एकसारखे बुडबुडे येतायत, अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर मात्र गॅस्केटवर संशय घ्यायला जागा आहे.

आणि या संशयाची खात्री करणाऱ्या टेस्ट आहेत, इंजिन न खोलता होणाऱ्या. रेडिएटरला हातपंप लावून दाब देतात आणि काटा खाली येतो का बघतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतात, शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर दोघांच्या मधलं पॅकिंग फाटलंय असा अर्थ निघतो. आणि एक निळ्या लिक्विडची टेस्ट असते, कूलंटच्या वरची हवा त्यातून ओढतात, त्यात जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हे सगळं गावातल्या गॅरेजमध्ये असेलच असं नाही, पण साताऱ्यात विचारलंत तर कुणाकडे तरी मिळेल, गाडी टोचन करून न्या, चालवत नेऊ नका. आत्ताच्या गॅरेजवाल्याला नाराज करायचं नाही, त्याला सरळ सांगा की घरात एवढा खर्च काढायचाय तर खात्री करून घेतोय, चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

पुढचं जरा अवघड आहे पण लिहायलाच हवं. लाल दिवा लागल्यावर तुम्ही गाडी वर चढवली. तिथं थांबायला जागा नव्हती हे मी मान्य करते, खंबाटकीची ती वळणं आणि मागचे ट्रक मी पाहिलेत, नवीन हात असेल तर माणूस घाबरून पुढंच जातो. पण तांबडा दिवा म्हणजे थांब, आणि त्या दिव्यानंतरचे ते दोन-तीन किलोमीटर असे असतात की त्यात शंभर रुपयांच्या बिघाडाचं ४५ हजारांचं काम होऊ शकतं. म्हणजे शक्यता अशी आहे की मेहुण्यांनी दिली तेव्हा पंखा किंवा झाकण खराब होतं आणि गॅस्केट घाटात गेलं. दोष कुणाचा मग? थोडा इकडे थोडा तिकडे. हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही लिहीत, मेहुण्यांशी बोलायला बसाल तेव्हा ते हाच प्रश्न पहिला विचारतील आणि तेव्हा तुम्ही गडबडलात तर पुढचं सगळं बोलणं बिघडेल. खरं काय घडलं ते आपणच आधी सांगायचं.

बाकीच्या वाचकांसाठी इथंच सांगून ठेवते, घाटात काटा वर चढताना दिसला की पहिलं एसी बंद, मग काचा खाली करून हीटर फुल्ल, इंजिनची उष्णता तेवढी आत ओढली जाते, घाम फुटेल पण जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. लाल दिवा लागला तर पार्किंग लाइट लावून डावीकडे जितकं सरकता येईल तितकं सरकून इंजिन बंद करायचं, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. आणि झाकणाला हात लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास तरी नाही, उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं मी बघितलीत. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

आता तो प्रश्न जो तुम्हाला रात्री झोपू देत नाही, मेहुण्यांना माहीत होतं का. तुम्ही म्हणता फसलो हे नक्की. मला ते नक्की वाटत नाही आणि उलटही नक्की वाटत नाही. घाटात एसी बंद ठेवत जा या वाक्याचे दोन अर्थ होतात. छोट्या पेट्रोल गाडीत चढावर एसी बंद करायची सवय महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांना आहे, पिकअप मिळत नाही म्हणून, त्यात लपवण्यासारखं काही नाही. किंवा त्यांची गाडी आधी एकदा तापली होती आणि एसी बंद ठेवला की भागतं एवढंच त्यांना कळलं होतं. हे दुसरं खरं असलं तरीही, ज्याला गाडीतलं फारसं कळत नाही असा माणूस त्याला बिघाड समजत नाही, गाडीचा स्वभाव समजतो. घरातला जुना मिक्सर कसा, आपल्याला माहीत असतं कुठं दाबून धरलं की चालतो, आणि तो कुणाला देताना आपण तेवढंच सांगतो.

पण गाडी स्वतः काही गोष्टी सांगते. कूलंटच्या बाटलीत काय होतं, हिरवं किंवा गुलाबी कूलंट का गढूळ, गंजक्या रंगाचं साधं पाणी? साधं पाणी असेल तर कुणीतरी वरचेवर भरत होतं. हेडच्या कडेला ताजं सीलंट लावल्यासारखं दिसतंय का, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत का, रेडिएटरमध्ये तपकिरी चिकट गाळ आहे का, हे टेस्ट करणाऱ्या मिस्त्रीला बघायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिस हिस्टरी मागा, ती मालकाने मागितली तर लवकर मिळते, म्हणजे मेहुण्यांनाच एक फोन करायला सांगा. लपवायचं काही नसेल तर ते लगेच करतील. ते टाळाटाळ करायला लागले तर तुम्हाला एक उत्तर मिळालं.

मोठ्या भावाच्या केस टाक या सल्ल्याबद्दल. घरगुती व्यवहारात, एका माणसाने आपली वापरलेली गाडी दुसऱ्याला विकली, यात ग्राहक आयोग सहसा उपयोगाचा नाही, कारण विकणारा व्यापारी नाही. राहतो दिवाणी दावा. १९३०च्या माल विक्री कायद्याचा मूळ कल असा आहे की घेणाऱ्याने पाहून घ्यावं, आणि १८७२च्या करार कायद्यात नुसतं गप्प बसणं ही बहुतेक वेळा फसवणूक धरत नाहीत, माहीत असून मुद्दाम झाकणं ही धरतात. ते झाकलं होतं हे सिद्ध तुम्ही करायचं. ४५ हजारांसाठी वकील, तारखा, वर बायकोचं माहेर, मी तुमच्या जागी असते तर या वाटेला गेले नसते. भाऊ तुमच्या काळजीने बोलतोय, त्याला हे सगळं शांतपणे सांगा.

हीच गाडी डीलरकडून किंवा जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीकडून घेतली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. अशा परिस्थितीत असलेल्या वाचकांनी आधी वॉरंटीचा कागद शेवटपर्यंत वाचावा, बऱ्याच वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच असतं, क्लच, ब्रेक, बॅटरी नसते, आणि बाहेरच्या गॅरेजात इंजिन खोललं की वॉरंटी संपते, म्हणून हात लावायच्या आधी त्यांना लेखी कळवायचं, फोनवर नाही, ईमेलवर. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, त्यांनीही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, २०१९च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, घेताना ते दाखवा म्हणायला लाजू नका.

मित्राचा सल्ला, औषध ओत आणि विकून टाक. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. ते औषध फाटलेलं गॅस्केट जोडत नाही, चार दिवस गळती दाबतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. चार दिवसांनंतर कुणीतरी दुसरा, कदाचित त्याच्याही घरात कुणाला सातवा महिना असेल, कुठल्यातरी घाटात उभा असेल. तुम्हाला आज जे वाटतंय तेच त्याला वाटेल आणि त्याच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याला सगळं माहीत असेल. गाडी विकायचीच असेल तर आहे तशी, इंजिनचं काम आहे असं लिहून, विका. असं लिहूनही गाड्या जातात, गॅरेजवाले घेतात, पैसे कमी येतात एवढंच.

म्हणजे पर्याय तीन राहिले. गाडी परत देणं, काम करून ठेवणं, सांगून विकणं. तुम्ही २ लाख ४० हजार हा आकडा मनात धरून बसलाय आणि ते साहजिक आहे, त्यातल्या दीड लाखाचा हप्ता दर महिन्याला जाणार. पण निर्णय घेताना तो आकडा बाजूला ठेवून बघा. टेस्टनंतर समजा खर्च ४० हजार निघाला. आज ही गाडी बिघाड सांगून विकली तर हातात काय येईल ते दोन-तीन ठिकाणी विचारा, त्यात ४० हजार मिळवा, तेवढ्या पैशात याहून बरी गाडी मिळते का? मला वाटतं मिळणार नाही. ९१ हजार किलोमीटर म्हणजे पेट्रोल गाडीला म्हातारपण नाही, काम नीट झालं तर ती अजून बरीच चालेल, आणि २०१४ची म्हणजे आरसी २०२९पर्यंत आहे, पुढं फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवता येते, पर्यावरण कर भरावा लागतो. पण बॉडी सडली असेल, गिअरबॉक्सही वाजत असेल तर गणित बदलतं, म्हणून टेस्टला नेलीच आहे तर बाकीची गाडीही एकदा वर उचलून बघून घ्या.

काम करायचं ठरलं तर खोलायच्या आधी एक आकडा स्वतःशी पक्का करा की याच्यावर नाही जायचं, समजा ५० हजार, आणि तो बायकोला सांगून ठेवा. गॅरेजवाल्याकडून लेखी एस्टिमेट घ्या, हेड लेथवर चेक करून फेसिंग करणार का, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग सपाट करून घेणार का, हेडचे बोल्ट नवीन घालणार का (बऱ्याच गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात, जुनेच बसवले तर सहा महिन्यांत परत तेच), थर्मोस्टॅट, वॉटर पंप, झाकण, पाइप यातलं काय काय बदलणार, मजुरी किती. वरचा खर्च निघाला तर फोन केल्याशिवाय काम पुढं न्यायचं नाही आणि काढलेले जुने पार्ट परत द्यायचे, हे आधीच बोलून घ्या. आणि गाडी मूळ कशाने तापली ते शोधून काढल्याशिवाय नुसतं गॅस्केट घालू देऊ नका, पंखाच बंद असेल तर नवीन गॅस्केटही पुढच्या घाटात जाईल. मग गाडी मिळाली की त्यात कूलंट भरायचं, नळाचं पाणी नाही.

आता मेहुणे. पहिला फोन पैशाचा करू नका. पहिला फोन कागदांचा करा, की गाडी अजून तुमच्या नावावर आहे, उद्या काही झालं तर तुम्ही अडकाल, मला ते नकोय, आरटीओचं लवकर उरकू. हे खरं आहे आणि त्यांच्या भल्याचं आहे, मागचा फोन ज्या आवाजात झाला तो आवाज यानं खाली येईल. टेस्टचा रिपोर्ट हातात आला की मग दुसरा, आणि जमलं तर फोन नको, एखाद्या रविवारी बसने पुण्याला जाऊन समोर बसा. तुम्ही फसवलंत हा शब्द तोंडात आणू नका. असं काहीसं म्हणा, दाजी म्हणून नाही, गाडी घेणारा म्हणून बोलतोय, तुम्ही गाडी चांगली समजूनच दिलीत हे मी धरून चालतो, दिवा लागल्यावर मी थोडी चालवली हेही खरं आहे, पण अठरा दिवसांत हे निघालं आणि पंखा आधीपासून बंद होता असं मिस्त्री म्हणतो, खर्च ४० हजार आहे, यात तुम्ही किती उचलू शकता? आणि गप्प बसा. किती ते त्यांना बोलू दे. अर्धे म्हणाले तर चांगलं, १० हजार म्हणाले तरी घ्या. गाडी परत घेतो म्हणाले तर त्याच दिवशी लिहून घ्या, पैसे कधी आणि किती. काहीच नाही म्हणाले तर उठून या, एकदा विचारलं, परत नाही विचारायचं.

यातलं काहीही करायच्या आधी बायकोशी बोला. माहेरी विषय काढू नका यातून तुम्ही असा अर्थ काढलाय की ती भावाची बाजू घेतेय. मला तसं वाटत नाही. या व्यवहारात दोन्हीकडची तीच आहे, इकडे गाडी तिच्या माहेरची म्हणून ऐकून घ्यायचं आणि तिकडे तुझा नवरा पैसे मागतो म्हणून, तेही सातव्या महिन्यात. शिवाय गाडी तिच्यासाठीच घेतली हे तिला माहीत आहे, कर्ज आपल्यामुळे झालं असंही तिला वाटत असेल. तिला विचारा की तुझ्या दादाशी मी बोलू की तू बोलतेस, का काकांच्या कानावर आधी घालायचं, आणि कुठले शब्द नकोत. तिला त्या घरातली माणसं माहीत आहेत. ती म्हणाली अजिबातच नको, तर मी तिचं ऐकेन, निदान बाळंतपण होईपर्यंत.

पुढच्या वेळी गाडी घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी लिहिते, बाकी खूप ठिकाणी सापडतं. गाडी बघायला जाल तेव्हा जाताच बॉनेटवर हात ठेवा, गरम लागली तर दोन तासांनी परत या, गार इंजिन चालू होताना जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. आणि एसी लावून अर्धा-पाऊण तास चालवा, त्यात एखादा चढ असू दे, सोबत आपला मिस्त्री असू दे, नातेवाइकाची गाडी असली तर जास्तच, कारण तिथं नंतर बोलता येत नाही. आमच्या भागात २०१९ आणि २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्याही फिरतायत, सीटच्या खालचे रूळ गंजलेत का आणि डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का ते बघा.

राहिली गोष्ट ज्याच्यासाठी गाडी घेतली ती. गाडीचं काम पंधरा दिवसांत होईल किंवा दीड महिना लागेल, पार्ट अडकतात, लेथवाल्याकडे रांग असते, आणि झालं तरी इंजिन खोललेली गाडी पहिल्याच रात्री कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन २२ किलोमीटर काढायची मला धास्ती वाटेल. म्हणून दवाखान्याला जायची सोय या गाडीपासून तोडून टाका. गावात ज्याची गाडी भाड्याने जाते अशा दोघांना आत्ताच सांगून ठेवा, एक नाही आला तर दुसरा, रात्रीचे किती घेणार तेही ठरवून घ्या. १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर तिच्याही फोनमध्ये आणि आईंच्याही फोनमध्ये टाका, गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ची गाडी फुकट असते, आशाताईंना विचारलंत तर तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी रात्री मिळते का तेही त्या सांगतील. नववा लागला की शहरात कुणा नातेवाइकाकडे आठ-दहा दिवस राहता येत असेल तर तेही बघा. हे आजच करा, एजंटला फोन करायच्याही आधी, दोन तासांचं काम आहे.